लेझरचं ध्रुवीकरण आणि अणूचं आयनीभवन: कासरा आणि कॅल्क्युलेटर घेऊन सुरुवात

विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्या, एस.टी.नं ये-जा करणाऱ्या, सोंगणीच्या दिवसांत चार तासिका बुडवाव्या लागणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. तिसऱ्या वर्षाला फोटोइलेक्ट्रिक परिणाम शिकवून झाला की एखादा हमखास विचारतो, ‘सर, लेझर मारला तं अणूतून इलेक्ट्रॉन निघते का?’ आणि लगेच स्वतःच म्हणतो, ‘पण आपल्याइथं लेझरच नाही.’ आयनीभवनाचा, म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायचा, प्रयोग गावात होणार नाही, हे खरं आहे. त्यासाठी निर्वात कक्ष आणि फेम्टोसेकंद लेझर, म्हणजे प्रकाशाचे अतिलघू स्पंद (पल्स) देणारा लेझर, लागतो. पण ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र कुठल्या दिशेत हलतं ते, हाताळून पाहता येतं आणि हेलियमचा हिशेब दोनशे-तीनशे रुपयांच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर बसतो. एवढं पक्कं झालं की या विषयावरचे शोधनिबंध उघडायची भीती जाते.

सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: तुलना करताना सारखं काय ठेवलं? ‘वर्तुळी ध्रुवित प्रकाशानं आयनीभवन कमी होतं’ असं पुष्कळ ठिकाणी सरसकट लिहिलेलं सापडतं. तीव्रता सारखी ठेवली की विद्युतक्षेत्राचं शिखर सारखं ठेवलं, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हा प्रश्न सोबत ठेवा.

पायरी १: कासरा हलवून पाहा

बैलाचा लांब कासरा घ्या. एक टोक खांबाला कमरेइतक्या उंचीवर बांधा, दुसरं हातात धरून थोडं ताणा. आधी हात सरळ वर-खाली हलवा. लाट एकाच उभ्या पातळीत धावते. हे रेषीय ध्रुवीकरण. आता त्याच वेगानं हात गोल फिरवा. लाट मळसूत्रासारखी फिरत पुढं जाते. हे वर्तुळी ध्रुवीकरण. हात लंबगोल फिरवला तर लंबवर्तुळी. प्रकाशात दोराच्या जागी विद्युतक्षेत्र असतं आणि इलेक्ट्रॉनला ओढतं ते हेच क्षेत्र.

इथं दोन गोष्टी नीट पाहा, पुढचं सगळं त्यांवर उभं आहे. दोरावरच्या एका जागेला चिंधी बांधा. वर-खाली हालचालीत ती चिंधी प्रत्येक आवर्तनात दोनदा मधल्या रेषेवरून जाते, म्हणजे त्या क्षणी तिचं विस्थापन शून्य असतं. गोल हालचालीत ती मधल्या रेषेवर कधीच येत नाही. अंतर तेवढंच राहतं, फक्त दिशा फिरते.

दुसरी गोष्ट. गोल हालचाल म्हणजे वर-खाली आणि डावी-उजवी अशा दोन हालचाली एकत्र, फक्त एक पाव आवर्तन मागे. म्हणून तेवढ्याच विस्ताराची गोल लाट दुप्पट ऊर्जा वाहते. ऊर्जा सारखी ठेवायची असेल तर गोलाची त्रिज्या कमी करावी लागते, वर-खालीच्या विस्ताराच्या ०.७०७ पट. तीव्रता सारखी असताना वर्तुळी प्रकाशाचं क्षेत्र रेषीयच्या शिखरापेक्षा दोनच्या वर्गमुळानं लहान असतं, ते यामुळं.

पायरी २: पोलरायझर मिळवा

बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर एक करडी, पारदर्शक पट्टी चिकटवलेली असते. ती पोलरायझर आहे, म्हणजे एकाच दिशेत हलणाऱ्या क्षेत्राचा प्रकाश पुढं सोडणारी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एलसीडीचे फुटके डिस्प्ले पडलेले असतात, तेही मागून आणा. काच सांभाळून, हातमोजे घालून पट्टी सोलून काढा. दोन पट्ट्या एकावर एक धरून एक फिरवा. एका स्थितीत उजेड येतो, ९० अंशांवर जवळजवळ अंधार. मधल्या कोनांना येणारी तीव्रता कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलते. हा मालसचा नियम.

मग एक पट्टी घेऊन सकाळी लवकर किंवा सूर्य मावळतीला टेकताना शेताच्या धुऱ्यावर उभे राहा आणि डोक्यावरच्या निळ्या आकाशाकडे पट्टीतून पाहत ती फिरवा. सूर्यापासून ९० अंशांवरचं आकाश उजळ-गडद होताना दिसतं, कारण हवेच्या रेणूंनी विखुरलेला प्रकाश तिथं बराचसा रेषीय ध्रुवित असतो. पऱ्हाटी वेचणीच्या दिवसांत, आकाश धुतलेलं असताना, हे सर्वांत छान दिसतं. मे महिन्याच्या धुळकट आकाशात तितकं नाही. सूर्याकडे मात्र पट्टीतूनही पाहायचं नाही.

वर्तुळी प्रकाश बनवायला दोन पट्ट्यांच्या मध्ये पारदर्शक चिकटपट्टी ४५ अंशांत लावा. चिकटपट्टीत एका दिशेचा घटक दुसऱ्यापेक्षा मागे पडतो. हे मागं पडणं पाव तरंगलांबीएवढं झालं की रेषीय प्रकाश वर्तुळी होतो. पांढऱ्या उजेडात रंग दिसतील, कारण प्रत्येक रंगासाठी तो फरक वेगळा असतो. प्रयोगशाळेत हे काम क्वार्टर वेव्ह प्लेट करते. बऱ्याच रंगांसाठी एकदम चालणारी अशी प्लेट कशी रचायची, यावर शिवरामकृष्ण पंचरत्नम यांनी १९५० च्या दशकात बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत फार मोलाचं काम केलं. फेम्टोसेकंद स्पंदात रंगांचा पट्टा रुंद असतो, त्यामुळं आजही ते काम कामाचं आहे.

जत्रेत मिळणारा लाल लेझर वापरणार असाल तर तो भिंतीवरच पाडा. कुणाच्या डोळ्यांवर नाही, स्टीलच्या भांड्यावर नाही, गाईबैलांच्या डोळ्यांवरही नाही. स्वस्तातला हिरवा लेझर टाळा, त्यातून न दिसणारे अवरक्त किरण निसटू शकतात.

पायरी ३: फोटॉन मोजा

हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, झेनॉनला १२.१३, आर्गॉनला १५.७६, हेलियमला २४.५९. लाल लेझरचा ६५० नॅनोमीटरचा फोटॉन १.९१ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. प्रयोगशाळेतल्या टायटॅनियम-सफायर लेझरचा ८०० नॅनोमीटरचा फोटॉन तर १.५५ चाच. म्हणजे हेलियमला असे किमान १६ फोटॉन एकदम गिळावे लागतात.

हे घडायला तीव्रता प्रचंड लागते. ५ मिलिवॅटचा लेझर एक चौरस मिलिमीटरवर पडला तर तीव्रता अर्धा वॅट प्रति चौरस सेंटिमीटर. आपल्याला हवी तिच्या १० च्या पंधराव्या घाताइतकी जास्त. डोना स्ट्रिकलँड आणि जेरार मूरू यांनी १९८५ मध्ये स्पंद ताणून, मोठा करून, पुन्हा दाबायची युक्ती काढली, तेव्हा अशी तीव्रता टेबलावर मावणाऱ्या लेझरांच्या आवाक्यात आली. त्यासाठी त्यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

पायरी ४: थोड्या फोटॉनांचा खेळ आधी समजून घ्या

फोटॉन एकच पुरेसा असेल (अतिनील किंवा क्ष-किरण), आणि अणू कुठल्याही एका दिशेला वळवून ठेवलेले नसतील, तर एकूण किती अणू आयन होतात यावर ध्रुवीकरणाचा परिणाम होत नाही. बदलते ती इलेक्ट्रॉनची दिशा. हेलियमसारख्या एस कक्षेतून निघालेले इलेक्ट्रॉन रेषीय प्रकाशात क्षेत्राच्या दिशेला जास्तीत जास्त जातात, काटकोनात जवळजवळ नाहीतच. नवख्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट बहुधा कुणी सांगतच नाही.

दोन-तीन फोटॉन लागत असतील तर चित्र आणखी वेगळं. वर्तुळी प्रकाशाचा प्रत्येक फोटॉन एकाच दिशेचा कोनीय संवेग देतो, त्यामुळं इलेक्ट्रॉनला प्रत्येक फोटॉनबरोबर वरच्या कोनीय संवेगाच्या अवस्थेत चढावंच लागतं. वाट एकच. रेषीय प्रकाशात तो चढू शकतो, उतरू शकतो, वाटा अनेक. वाटा जास्त म्हणजे आयनीभवन जास्त, असं वाटेल. पण मधे कुठं अनुनाद नसेल तर एस कक्षेतून वर्तुळी प्रकाश दोन फोटॉनांना जास्तीत जास्त दीडपट आणि तीन फोटॉनांना अडीचपट पुढं जाऊ शकतो. १९७१ मध्ये रुबी लेझरनं सीझियमचं तीन फोटॉनांचं आयनीभवन मोजलं, तेव्हा वर्तुळीचा वेग रेषीयच्या दुपटीहून थोडा जास्त आला होता. ‘वर्तुळी म्हणजे कमी’ हे सरसकट विधान इथंच पडतं.

फोटॉनांची संख्या वाढत गेली की बाजी उलटते. वर्तुळी प्रकाशात इलेक्ट्रॉन उच्च कोनीय संवेगापर्यंत पोचतो, आणि अशा अवस्थांना केंद्राच्या जवळ फिरकता येत नाही.

पायरी ५: हेलियमचा हिशेब स्वतः करा

ही पायरी वाचून सोडू नका, वही-पेन घेऊन बसा.

लेझर ८०० नॅनोमीटर, तीव्रता ५ गुणिले १० चा चौदावा घात वॅट प्रति चौरस सेंटिमीटर. आधी पाँडेरोमोटिव्ह ऊर्जा काढा, म्हणजे लेझरच्या क्षेत्रात मोकळ्या इलेक्ट्रॉनची सरासरी थरथरण्याची ऊर्जा. ९.३३ ला तीव्रतेनं (१० च्या चौदाव्या घाताच्या पटीत, म्हणजे ५) आणि मायक्रोमीटरमधल्या तरंगलांबीच्या वर्गानं (०.६४) गुणा. उत्तर २९.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. आता आयनीभवन ऊर्जेला या आकड्याच्या दुपटीनं भागून वर्गमूळ काढा: ०.६४. हा केल्डिश गुणक, लिओनिद केल्डिश यांनी १९६४ मध्ये मांडलेला. तो १ पेक्षा बराच मोठा असेल तर फोटॉन मोजत बसावं, लहान असेल तर टनेलिंगचं चित्र धरावं. आपण टनेलिंगकडे झुकलो आहोत: लेझरचं क्षेत्र अणूची विभव-भिंत एका बाजूनं वाकवतं आणि इलेक्ट्रॉन पातळ झालेल्या भिंतीतून निसटतो.

टनेलिंगचा वेग क्षेत्रावर घातांकी रीतीनं अवलंबून असतो. आणवीय एककांत, म्हणजे अणूच्या मापाला बेतलेल्या एककांत, असं करा. २४.५९ ला २७.२१ नं भागा: ०.९०४. त्याची दुप्पट १.८०७. त्याचा दीडवा घात २.४३. दोन तृतीयांशानं गुणा: १.६२. आता क्षेत्र. तीव्रतेला ३.५१ गुणिले १० च्या सोळाव्या घातानं भागून वर्गमूळ घ्या: ०.११९४. हे रेषीय प्रकाशाचं शिखर. वर्तुळीसाठी १.४१४ नं भागा: ०.०८४४.

१.६२ भागिले ०.११९४ म्हणजे १३.६. १.६२ भागिले ०.०८४४ म्हणजे १९.२. कॅल्क्युलेटरवर ई चा उणे १३.६ आणि उणे १९.२ वा घात काढा. पहिला दहा लाखांत सव्वाच्या आसपास, दुसरा त्याहून सुमारे २७५ पट लहान. क्षेत्र फक्त तीस टक्क्यांनी उतरलं, तर एवढा फरक पडला. घातांकी अवलंबन म्हणजे काय ते इथं अंगात भिनतं.

पण थांबा, कासऱ्याची चिंधी आठवा. रेषीय क्षेत्र आवर्तनातला बराच वेळ शिखराच्या खाली असतं, वर्तुळी सतत पूर्ण ताकदीनं ओढत असतं. आवर्तनभर सरासरी काढली की रेषीयचा वेग शिखराच्या वेगाच्या साधारण ०.२२ पट उरतो. तो धरला की २७५ चे ६० होतात. वेगाच्या पूर्ण सूत्रात घातांकी भागाच्या आधी एक मंद बदलणारा गुणक असतो, तो घेतला की ५० च्या जवळ. म्हणजे सारख्या तीव्रतेला रेषीय प्रकाश हेलियमचं आयनीभवन सुमारे ५० पट वेगानं करतो.

आता क्षेत्राचं शिखर सारखं ठेवा, दोन्हीकडे ०.११९४. घातांकी भाग दोन्हीकडे एकच, उरतो फक्त तो ०.२२. म्हणजे वर्तुळी प्रकाश साडेचार पटीनं पुढं. अणू तोच, लेझर तोच, आणि निकाल उलटा. वहीच्या पहिल्या पानावरचा प्रश्न यासाठी लिहायला लावला.

हे सूत्र ज्या कामातून आलं ते पेरेलोमोव्ह, पोपोव्ह आणि तेरेन्तेव्ह यांनी १९६६ मध्ये केलं. पुढं १९८६ मध्ये अमोसोव्ह, देलोने आणि क्राइनोव्ह यांनी ते मोठ्या अणूंसाठी वापरायला सोपं केलं. शोधनिबंधांत एडीके असं दिसलं की ते हेच.

पायरी ६: निघालेला इलेक्ट्रॉन कुठं जातो ते काढा

किती निघाले हा अर्धाच प्रश्न. मला विचाराल तर दुसरा अर्धा भाग जास्त देखणा आहे.

इलेक्ट्रॉन भिंतीतून शून्याच्या आसपास वेगानं बाहेर पडला असं समजा आणि न्यूटनचा नियम लावा. रेषीय प्रकाशात शिखराच्या क्षणी निघालेला इलेक्ट्रॉन स्पंद संपेपर्यंत मागे-पुढे होत राहतो, पण हाती वेग जवळपास काहीच उरत नाही. शिखराच्या थोडं आधी-नंतर निघालेल्यांना थोडा वेग उरतो, तोही क्षेत्राच्याच रेषेवर. म्हणून इलेक्ट्रॉन टिपणाऱ्या शोधकावर एका रेषेत ताणलेला ठिपका दिसतो.

वर्तुळी प्रकाशात क्षेत्र फिरत असल्यामुळं इलेक्ट्रॉनला आडवा वेग मिळतो आणि तो शेवटपर्यंत टिकतो. आणवीय एककांत त्याचा आकडा क्षेत्र भागिले कोनीय कंपनसंख्या (फोटॉनचे १.५५ भागिले २७.२१, म्हणजे ०.०५७): ०.०८४४ भागिले ०.०५७, म्हणजे १.४८. ऊर्जेत मोजलं तर साधारण ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट, मघाच्या पाँडेरोमोटिव्ह ऊर्जेइतकीच. सगळे जवळपास एकाच वेगाचे, दिशा मात्र चहूकडे. शोधकावर पोकळ कडं उमटतं. या कड्याची त्रिज्या मोजून लेझरची खरी तीव्रता काढतात, आणि ती रीत भरवशाची आहे.

दिशेत आणखी एक खजिना आहे. इलेक्ट्रॉन ज्या क्षणी निघाला त्या क्षणीच्या क्षेत्राला काटकोनात तो शेवटी जातो. म्हणजे कोन मोजला की निघण्याची वेळ कळते. ८०० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं एक आवर्तन २.६७ फेम्टोसेकंदांचं, ते ३६० अंशांत वाटलं तर एक अंश म्हणजे ७.४ अॅटोसेकंद (अॅटोसेकंद म्हणजे फेम्टोसेकंदाचा हजारावा भाग). झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठात उर्सुला केलर यांच्या गटानं २००८ मध्ये वर्तुळीच्या जवळ जाणाऱ्या ध्रुवीकरणानं हेलियमवर हे करून दाखवलं. भिंत पार करायला इलेक्ट्रॉनला वेळ लागतो का, यावर त्यानंतर बरीच वर्षं वाद चालला. २०१९ मध्ये हायड्रोजनवरच्या प्रयोगात, हिशेब अचूक करता येतो अशा अणूवर, तो वेळ १.८ अॅटोसेकंदांहून जास्त नाही असं निघालं.

पायरी ७: इलेक्ट्रॉन परत येतो का?

रेषीय प्रकाशात क्षेत्र उलटलं की इलेक्ट्रॉन मागं फिरतो आणि काही जण आपल्याच आयनवर आदळतात. पॉल कॉर्कम यांनी १९९३ मध्ये हे तीन टप्प्यांत मांडलं. परतताना त्याची ऊर्जा पाँडेरोमोटिव्ह ऊर्जेच्या ३.१७ पटींपर्यंत असते, आपल्या उदाहरणात ९५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळ. एवढ्या धडकेनं दुसरा इलेक्ट्रॉनही निघू शकतो. नाहीतर तो आयनला चिकटतो आणि अतिनील-क्ष किरणांची उच्च हार्मोनिक्स, म्हणजे लेझरच्या कंपनसंख्येच्या पटीतला प्रकाश, बाहेर पडतात. २०२३ चं नोबेल ज्या अॅटोसेकंद स्पंदांसाठी मिळालं, ते याच वाटेनं तयार होतात.

वर्तुळी प्रकाशात तोच इलेक्ट्रॉन एका आवर्तनात साडेआठ नॅनोमीटर बाजूला सरकलेला असतो. परत कुठला येणार? हार्मोनिक्स विझतात, हेलियममध्ये रेषीय प्रकाशात दिसणारे जास्तीचे दुहेरी आयनही (दोन इलेक्ट्रॉन गमावलेले) नाहीसे होतात. म्हणून परतीच्या धडकेचा संशय आला की प्रयोगकर्ते आधी क्वार्टर वेव्ह प्लेट फिरवून पाहतात. मॅग्नेशियमसारखा अपवाद आहे, तिथं वर्तुळी प्रकाशातही दुहेरी आयन वाढलेले दिसले. आपला पहिला अभ्यास हेलियमवरच ठेवा.

डावीकडे फिरणारा प्रकाश आणि उजवीकडे फिरणारा यांतही फरक पडतो, इलेक्ट्रॉन पी कक्षेत स्वतः फिरत असेल तर. तीव्र क्षेत्रात उलट दिशेनं फिरणारा इलेक्ट्रॉन जास्त सहज निघतो असं २०११ मध्ये सिद्धान्तानं सांगितलं आणि २०१२ मध्ये आर्गॉनच्या प्रयोगात ते दिसलं.

पायरी ८: प्रयोगशाळेत गेलात तर

विदर्भाला जवळचं मोठं लेझर केंद्र म्हणजे इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, मुंबई आणि हैदराबाद इथली टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) इथंही अतिलघू स्पंदांवर काम चालतं. एम.एस्सी.साठी जॅम आणि एकात्मिक पीएच.डी.साठी जेस्ट, या परीक्षांची तयारी दुसऱ्या वर्षापासून करा. देशाच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिचा अर्ज चुकवू नका. इंग्रजी कच्चं आहे म्हणून अर्जच न करणारी हुशार पोरं दरवर्षी पाहतो आणि वाईट वाटतं. वर केलेला हिशेब स्वच्छ अक्षरात अर्जासोबत जोडता आला, तर तो तुमच्या वतीनं बोलतो.

टेबलासमोर उभं राहाल तेव्हा क्वार्टर वेव्ह प्लेट सर्व आरशांनंतर, कक्षाच्या खिडकीच्या अगदी आधी लावा. तिरप्या आरशावर दोन घटक वेगवेगळे मागे पडतात आणि वर्तुळाचं लंबवर्तुळ होतं. प्लेटनंतर पोलरायझर फिरवून, मागे शक्तिमापक ठेवून, तीव्रता किती वर-खाली होते ते नोंदवा. प्रत्येक मोजणीशेजारी ऊर्जा, स्पंदाचा काळ, प्लेटचा कोन आणि सारखं काय ठेवलं, हे चारही लिहा.

घरी करायचं गणित: झेनॉन, १२.१३ इलेक्ट्रॉनव्होल्ट, तीव्रता १० चा चौदावा घात वॅट प्रति चौरस सेंटिमीटर. पाचव्या पायरीप्रमाणं रेषीय आणि वर्तुळीचे घातांक काढा. पहिला १०.५ च्या आसपास आणि दोघांतला फरक ४.३५ आला तर हिशेब बरोबर. मग केल्डिश गुणक काढा. तो १ च्या जवळ येईल, म्हणजे इथं टनेलिंगचं सूत्र कितपत चालवायचं ते ठरवावं लागेल, आणि पायरी ४ पुन्हा वाचावी लागेल.